विजयदुर्गचा समुद्रकिनारा आणि १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण : छायाचित्रणाच्या एका मोहिमेची पूर्वतयारी

१

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्गाच्या तटबंदीच्या आत काही बांधीव चौथरे दाखविण्यात येतात. स्थानिक लोक त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ किंवा ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. हा ‘साहेब’ म्हणजे इंग्रज ज्योतिर्विद सर नॉर्मन लॉकियर. त्याने १८ ऑगस्ट १८६८ रोजी या चौथऱ्यांवर यंत्रे मांडून खग्रास सूर्यग्रहणाचा वेध घेतला आणि त्या वेधातून हेलियम या मूलद्रव्याचा शोध लागला, अशी समजूत कोकणात रूढ आहे. वृत्तपत्रे, स्मरणिका आणि प्रवासवर्णने यांतून ती वारंवार छापली गेल्यामुळे तिला आता इतिहासाची प्रतिष्ठा लाभली आहे. १८ ऑगस्ट हा दिवस हेलियमच्या संदर्भात विजयदुर्गावर साजराही केला जातो.

प्रस्तुत लेखात दोन गोष्टी मांडावयाच्या आहेत. पहिली अशी की, ही समजूत जशी सांगितली जाते तशी खरी नाही. दुसरी अशी की, त्या चौथऱ्यांशी ज्या घटनेचा खरा संबंध आहे ती घटना कल्पित घटनेपेक्षा इतिहासाच्या अभ्यासकास अधिक उपयोगी आहे. ती घटना म्हणजे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाची छायाचित्रे घेण्यासाठी या किनाऱ्यावर आलेली मोहीम. जेमतेम दोन मिनिटे टिकणाऱ्या दृश्याचे चित्र काचेवर उतरविण्यासाठी सात समुद्रांपलीकडील उष्ण कटिबंधातला एक किनारा निवडावयाचा, तेथे नाजूक यंत्रे सुखरूप उतरवावयाची, हवामान, उष्णता, दमटपणा आणि माणसांचे चित्तविक्षेप या सर्वांचा आगाऊ हिशेब मांडावयाचा, हे काम मोठ्या कसोटीचे होते. वैज्ञानिक शोधांच्या इतिहासात शोधाच्या क्षणास महत्त्व दिले जाते आणि त्यामागील पूर्वतयारीकडे दुर्लक्ष होते. विजयदुर्गाच्या बाबतीत हा दोष आणखी एक पायरी पुढे गेला आहे. तेथे न घडलेला क्षण स्मरणात राहिला आणि घडलेली तयारी विसरली गेली.

२

प्रथम रूढ समजुतीची परीक्षा करू. १८ ऑगस्ट १८६८ चे ग्रहण भारतात खग्रास दिसले, हे निर्विवाद आहे. त्याच्या छायेचा पट्टा एडन, दख्खन, आंध्रचा किनारा आणि सयाम यांवरून गेला. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन आणि रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या वतीने आलेला मेजर टेनंट हे दोघे गुंटूर येथे होते. मद्रास वेधशाळेचा प्रमुख पॉगसन मच्छलीपट्टणास होता. विल्यम हर्शेलचा नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल याने जमखंडी येथे वेध घेतला. जमखंडी आणि विजयदुर्ग ही स्थळे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. यास्तव १८६८ ची छाया विजयदुर्गाच्या परिसरावरूनही गेली असली पाहिजे, हे मान्य करावयास हरकत नाही. समजूत टिकून राहण्यास हेही एक कारण असावे.

परंतु त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हता. सूर्याच्या कडेवरील तेजोज्वालांचा वर्णपट ग्रहणाविनाही पाहता येईल, या कल्पनेवर तो इंग्लंडमध्ये काम करीत होता. त्यासाठी मागविलेले यंत्र हाती आल्यावर २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याने तसा वेध प्रत्यक्ष घेतला. इकडे जान्सेनने ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी गुंटूर येथे तीच गोष्ट स्वतंत्रपणे साधली होती. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीसमोर एकाच बैठकीत आली आणि पुढे १८७२ मध्ये फ्रान्सने दोघांच्या मुद्रा असलेले पदक काढले. वर्णपटातील पिवळ्या रेषेची कथा याहून लांबलचक आहे. १८६८ च्या ग्रहणात ती अनेकांनी पाहिली, पण बहुतेकांनी ती सोडियमची मानली. ती सोडियमची नव्हे आणि ज्ञात अशा कोणत्याच द्रव्याची नव्हे, हे प्रतिपादन लॉकियरचे. ‘हेलियम’ हे नावही त्याच्याच वर्तुळातून पुढे आले. पृथ्वीवर हे द्रव्य रॅम्झीला १८९५ मध्ये सापडले. तात्पर्य, हेलियमचा शोध एका दिवसाचा नाही, एका माणसाचा नाही आणि एका स्थळाचा तर नाहीच नाही.

याला कोकणच्या ऋतुमानाचा पुरावा जोडता येतो. ऑगस्टमध्ये या किनाऱ्यावर पावसाळा भर ओसरलेला नसतो. जमखंडीसारख्या घाटमाथ्यापलीकडील कोरड्या प्रदेशातही १८६८ मध्ये ढगांनी हर्शेलच्या वेधात व्यत्यय आणला. मग सह्याद्रीच्या पश्चिमेस, ऐन श्रावण-भाद्रपदाच्या दिवसांत, कोणता जाणता ज्योतिर्विद आपली यंत्रे उघड्यावर मांडील? जानेवारीची गोष्ट निराळी. त्या महिन्यात कोकणचे आकाश बहुधा निरभ्र असते. स्थळ आणि ऋतू यांची सांगड घातली म्हणजे ‘साहेबाचे कट्टे’ १८६८ शी नव्हे, १८९८ शीच जोडले पाहिजेत, हे स्पष्ट होते. लॉकियरचे नाव, हेलियमचे नाव, ग्रहण आणि किल्ला या चारही गोष्टी खऱ्या आहेत. तीस वर्षांचे अंतर मिटवून त्या एका दिवशी आणून बसविल्या गेल्या, एवढाच प्रमाद झाला.

३

१८९८ ची तयारी समजावयाची तर तीमागे तीस वर्षांचा जो अनुभव होता तो पाहिला पाहिजे. ग्रहणाचे पहिले यशस्वी छायाचित्र २८ जुलै १८५१ रोजी कोनिग्सबर्ग येथे बर्कोव्स्कीने डागेरोटाइप पद्धतीने घेतले. १८६० मध्ये स्पेनमध्ये द ला र्यू आणि सेक्की यांनी घेतलेल्या छायाचित्रांवरून तेजोज्वाला चंद्राच्या नसून सूर्याच्या आहेत, हे सिद्ध झाले. या दोन्ही ठिकाणी हवा युरोपची होती. उष्ण कटिबंधात छायाचित्रणाचे प्रश्न वेगळे होते.

१८६८ मध्ये गुंटूर येथे टेनंटने आणि एडन येथे जर्मन रसायनज्ञ फोगेलने ज्या प्लेटी वापरल्या त्या ओल्या कोलोडियनच्या होत्या. काचेवर कोलोडियन ओतावयाचे, ती रौप्यलवणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्यापूर्वीच तिच्यावरील चित्र प्रकट करावयाचे, असा हा क्रम होता. कोलोडियनमधील ईथर उन्हाने झपाट्याने उडून जातो. म्हणून अंधारी खोली कॅमेऱ्याच्या शेजारीच असावी लागे आणि ग्रहणाच्या मोजक्या मिनिटांत प्लेटा तयार करणारा, उघडणारा व धुणारा अशी माणसांची साखळी अखंड चालावी लागे. पुढे जिलेटिनच्या कोरड्या प्लेटी आल्या आणि हा जाच संपला. आता प्लेटी इंग्लंडहून पेटीत भरून आणता येत होत्या आणि चित्रे रात्री निवांतपणे प्रकट करता येत होती. परंतु कोरड्या प्लेटीलाही उष्ण किनाऱ्याने आपला कर मागितलाच. कोमट पाण्यात जिलेटिन फुगते, कडेने सुटते, प्रसंगी वितळते. दमट हवेने प्लेट न वापरताच धुरकट होते.

लॉकियरला समुद्रकिनाऱ्याचा अनुभव चांगला आणि वाईट असा दोन्ही प्रकारचा होता. डिसेंबर १८७० मध्ये सिसिलीकडे निघालेल्या त्याच्या मोहिमेचे ‘सायकी’ हे जहाज किनाऱ्याजवळ खडकावर आदळले. माणसे वाचली, पण ग्रहणाच्या वेळी ढगांनी सूर्य झाकला. पुढील वर्षी, १२ डिसेंबर १८७१ रोजी, तो मलबारच्या बाजूच्या बेकल किल्ल्यावर होता. समुद्रात घुसलेला उंच बुरुज, मोकळे क्षितिज आणि हिवाळ्यातले स्वच्छ आकाश यांमुळे तेथे वेध यशस्वी झाले आणि त्याच किल्ल्यावरून लॉर्ड लिंडसे यांच्या साहाय्यकाने किरीटाची छायाचित्रे घेतली. किरीट म्हणजे खग्रास अवस्थेत चंद्रबिंबाभोवती दिसणारे शुभ्र प्रभामंडल. पश्चिम किनाऱ्यावरील किल्ला, हिवाळ्याचे दिवस आणि पायथ्याशी समुद्र हे समीकरण लॉकियरच्या मनात बेकल येथेच पक्के झाले असावे, असा तर्क करावयास जागा आहे.

१८७५ च्या एप्रिलमध्ये सयामच्या आखाताच्या किनाऱ्यावर शुस्टरच्या नेतृत्वाखालील मोहिमेने ग्रहणासाठी लोलक-कॅमेरा प्रथमच वापरला. ६ मे १८८३ रोजी लॉरन्स आणि वुड्स हे दोघे इंग्रज छायाचित्रकार, तसेच अमेरिकन आणि फ्रेंच पथके प्रशांत महासागरातील कॅरोलाइन या प्रवाळबेटावर उतरली. १८९३ मध्ये फाउलर पश्चिम आफ्रिकेतील फुंदियम येथे आणि शॅकल्टन ब्राझीलच्या किनाऱ्यावरील पाराकुरू येथे लोलक-कॅमेरे घेऊन गेले. या यशांच्या मधोमध एक मृत्यूही आहे. २२ डिसेंबर १८८९ च्या ग्रहणासाठी फादर पेरी हा जेझुइट ज्योतिर्विद दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्याजवळील साल्यू बेटांवर गेला होता. तेथे त्यास अतिसाराने गाठले. तशा स्थितीत त्याने छायाचित्रणाचा कार्यक्रम पार पाडला आणि पाच दिवसांनी, २७ डिसेंबर रोजी, जहाजावरच त्याचा अंत झाला. उष्ण कटिबंधातील किनाऱ्यावर छायाचित्रणासाठी जाणे म्हणजे सहल नव्हे, हे या प्रसंगाने सर्वांच्या मनावर ठसविले.

९ ऑगस्ट १८९६ रोजी लॉकियरने नॉर्वेच्या उत्तर टोकाशी मोठा तळ ठोकला. ‘व्होलाज’ या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी यांना त्याने अनेक दिवस शिकवून तयार केले होते. परंतु ऐन वेळी ढग आले आणि काहीही दिसले नाही. त्याच ग्रहणात नोवाया झेम्ल्या बेटावर शॅकल्टनने वर्णावरणाच्या क्षणिक वर्णपटाचे पहिले छायाचित्र मिळविले. लॉकियरच्या दृष्टीने व्होलाजवरची शिकवण मात्र फुकट गेली नव्हती. माणसे कशी नेमावीत, त्यांच्याकडून कवायत कशी करून घ्यावी, याचा आराखडा सिद्ध झाला होता. १८९७ मध्ये त्याने एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात १८९३ व १८९६ च्या ग्रहणांच्या वृत्तांताबरोबर १८९८ च्या भारतातील ग्रहणाचा विचार केला. म्हणजे मोहीम निघण्यापूर्वी तिचा विचार छापून झाला होता. नियोजनाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास असे साधन क्वचितच मिळते.

४

१८९८ च्या छायेचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावर चढून दख्खन, वऱ्हाड, नागपूर प्रांत, विंध्याचा पूर्वभाग आणि बिहार यांवरून ईशान्येकडे गेला. या पट्ट्यावर कोणी कोठे तळ दिला हे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल हे सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे होते. ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे माँडर दांपत्य आणि एव्हरशेड वऱ्हाडातील तळणीस होते. न्यूऑल आणि कॅप्टन हिल्स पुलगावास, कोपलंड नागपूरजवळ घोगलीस, राजज्योतिर्विद क्रिस्टी आणि टर्नर शहडोलास, तर बेकनचे पथक बक्सरला होते. यांतील बहुतेक स्थळे लोहमार्गावर किंवा त्याच्या जवळ आहेत. मुंबईच्या बंदरात उतरलेल्या पेट्या आगगाडीत चढविल्या की त्या तळाजवळ उतरत होत्या.

विजयदुर्गाला मात्र लोहमार्ग नव्हता. कोकणातून रेल्वे सर्वत्र धावू लागली ती १९९८ मध्ये, म्हणजे या ग्रहणानंतर बरोबर शंभर वर्षांनी. तरीही लॉकियरने किनारा निवडला. त्याची कारणे मोहिमेच्या स्वरूपावरून समजतात. त्याच्या पद्धतीत यंत्रांइकीच माणसांची आवश्यकता होती आणि शिस्तीची, अक्षरओळख असलेली, दोरखंड, कप्पी आणि घड्याळ यांची सवय असलेली शेकडो माणसे युद्धनौकेवाचून कोठे मिळणार? नौदलाने ‘मेल्पोमिनी’ ही क्रूझर दिली आणि तिचा कप्तान चिझम-बॅटन मोहिमेचा भागीदार झाला. जहाज हेच भांडार, सुतारशाळा, लोहारशाळा, खाणावळ आणि रुग्णालय. जहाज ज्या किनाऱ्यास लागू शकेल तोच किनारा योग्य. वाघोटणच्या खाडीच्या मुखाशी विजयदुर्गाचे सुरक्षित बंदर आहे. आंग्र्यांच्या आरमाराने ज्या गुणासाठी हे स्थळ जपले आणि १७५६ मध्ये वॉटसन व क्लाइव्ह यांनी ज्या गुणासाठी ते जिंकले, तोच गुण दीडशे वर्षांनी ज्योतिर्विदाच्या उपयोगी पडला.

दुसरे कारण पायाचे आहे. लांब केंद्रांतराच्या कॅमेऱ्यास थोडाही कंप सोसत नाही. वाळूच्या किनाऱ्यावर तिपाई रोवली तर शेजारून चालणाऱ्या माणसाच्या पावलानेही प्रतिमा हलते. किल्ल्याचा खडक आणि त्यावर बांधलेले चौथरे हा त्यावरील उपाय होय. तटामुळे वारा अडतो, बघ्यांची गर्दी दूर ठेवता येते आणि आसपास चुलीचा किंवा होळीचा धूर होणार नाही याची दक्षता घेता येते. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक नव्हती. १८७१ मध्ये बेकल येथे ग्रहण लागताच लोकांनी पेटविलेल्या आगी पोलिसांकरवी विझवाव्या लागल्या होत्या. वेध घेणाऱ्यास तो केवळ धूर वाटला. आग पेटविणाऱ्यास ती सूर्याच्या सुटकेसाठी केलेली शांती होती. एकाच किनाऱ्यावर, एकाच क्षणी, एकाच घटनेसाठी दोन प्रकारची पूर्वतयारी चालली होती, हे इतिहासकाराने विसरू नये.

काळही साधा नव्हता. १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान मांडले होते. १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यात घरझडत्या झाल्या आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. १८९६-९७ चा दुष्काळही नुकताच येऊन गेला होता. अशा इलाख्यात सरकारी जहाज, सरकारी लोहमार्ग आणि सरकारी बंदोबस्त यांच्या बळावर ग्रहणाचे तळ पडले. माणसे आणि वस्तू हलविण्याची जी यंत्रणा प्लेगच्या दिवसांत लोकांना जाचक झाली, तीच ज्योतिर्विदांना सोयीची ठरली. विज्ञानाच्या या अध्यायाची ही बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

५

आता प्रत्यक्ष छायाचित्रणाकडे वळू. मोहिमेचे मुख्य साधन लोलक-कॅमेरा होते. फाउलर आणि लॉकियरचा पुत्र डॉ. विल्यम लॉकियर यांच्या हाती या जातीची मोठी यंत्रे होती. नेहमीच्या वर्णपटदर्शकात प्रकाश प्रथम एका अरुंद फटीतून घेतात. लोलक-कॅमेऱ्यात फट नसते. भिंगाच्या पुढे लोलक बसवितात आणि सूर्यच फटीचे काम करतो. सूर्यबिंब जवळजवळ पूर्ण झाकले गेले की कडेची एक बारीक कोर उरते. तिच्या प्रकाशात जितके भिन्न रंग तितक्या कोरी प्लेटेवर शेजारी शेजारी उमटतात. प्रत्येक कोर कोणत्या तरी मूलद्रव्याची खूण असते. सूर्याच्या पृष्ठालगतचा वायूचा पातळ थर म्हणजे वर्णावरण. खग्रास सुरू होताना आणि संपताना काही सेकंदच त्याचा वर्णपट चमकून जातो. खग्रास अवस्थेत किरीटाच्या प्रकाशाने कोरींच्या जागी पूर्ण वलये उमटतात. कोर कशाची आणि वलय कशाचे, हे प्लेट एका दृष्टिक्षेपात सांगते. लेखाच्या अखेरीस या गुणाचे महत्त्व दिसून येईल.

येथे प्लेटेच्या जातीचा प्रश्न उद्भवतो. साधी रौप्यलवणाची प्लेट निळ्या-जांभळ्या प्रकाशास जागते, पण हिरव्या-पिवळ्यास जवळजवळ आंधळी असते. रंजकद्रव्ये मिसळून तिला हिरव्या-पिवळ्याचीही दृष्टी देता येते, हा शोध १८७३ चा. तो लावणारा फोगेल म्हणजे १८६८ मध्ये एडनच्या किनाऱ्यावर ओल्या प्लेटी हाताळणारा तोच फोगेल होय. किरीटाची सर्वांत ठळक रेषा हिरवी आहे. अशी प्लेट नसती तर त्या रेषेचे छायाचित्र घेणे दुरापास्तच होते.

६

विजयदुर्ग येथे खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची होती. या अवधीत कोणती प्लेट केव्हा उघडावयाची, किती सेकंद ठेवावयाची, केव्हा बदलावयाची, हे सर्व पूर्वीच लिहून ठेवावे लागते. खग्रास सुरू झाल्यावर विचार करण्यास वेळ नसतो आणि मनाची तशी अवस्थाही नसते. आकाश एकाएकी काळवंडते, तारे दिसू लागतात, पक्षी घरट्यांकडे वळतात आणि ज्याने हे पूर्वी कधी पाहिले नाही तो यंत्र विसरून वर पाहत राहतो. हा मोह अनेक मोहिमांचा शत्रू ठरला आहे.

लॉकियरचा उपाय खलाशांच्या कवायतीचा होता. एकाने घड्याळासमोर बसून उरलेले सेकंद मोठ्याने पुकारावयाचे. एकाने प्लेटेची पेटी द्यावयाची, दुसऱ्याने ती चढवावयाची, तिसऱ्याने झाकण उघडावयाचे, चौथ्याने वापरलेली पेटी क्रमाने ठेवावयाची. खग्रासाच्या आगमनाची पूर्वसूचना उरलेल्या कोरीच्या टोकांमधील कोन मोजून द्यावयाची. हा प्रयोग मूळ दिवसापूर्वी पुन्हा पुन्हा करावयाचा, इतका की हातांनी डोक्याची वाट पाहू नये. कॅमेऱ्यांखेरीज इतरही तुकड्या होत्या. कोणी किरीटाचे हाताने चित्र काढावयाचे, कोणी तारे नोंदवावयाचे, कोणी जमिनीवर सरकणारे छायापट्टे पाहावयाचे, कोणी सभोवारच्या भूदृश्याचे रंग टिपावयाचे, कोणी उष्णतामापक वाचावयाचा. चित्रे काढणाऱ्यांपैकी काहींनी अंधाराची सवय व्हावी म्हणून आधीपासून डोळ्यांवर पट्टी बांधून बसावयाचे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्रा. पेडलर हेही या कामात सहभागी होते.

येथे एक विसंगती नजरेस येते. छायाचित्र माणसाच्या डोळ्यावरील अवलंबन दूर करते, म्हणून त्याची प्रतिष्ठा. परंतु हे यांत्रिक चित्र मिळविण्यासाठी शेकडो माणसांना यंत्रासारखे वागण्यास शिकवावे लागले. म्हणजे वस्तुनिष्ठता कॅमेऱ्याने आयती दिली नाही. ती कवायतीने कमवावी लागली.

२२ जानेवारीस आकाश स्वच्छ राहिले. केवळ विजयदुर्गालाच नव्हे, तर पट्ट्यावरील बहुतेक सर्व तळांना यश आले. निरनिराळ्या पथकांनी निरनिराळी स्थळे घेण्यात हाच हेतू होता. एका ठिकाणी ढग आले तरी दुसऱ्या ठिकाणी काम व्हावे. त्या दिवशी या सावधगिरीची गरज पडली नाही आणि एकाच घटनेची अनेक स्वतंत्र साधने जमा झाली. तळणीस अॅनी माँडर यांनी दीड इंच व्यासाच्या लहानशा भिंगाने किरीटाचा एक अतिदीर्घ किरण टिपला. पूर्वतयारी म्हणजे मोठे यंत्रच नव्हे, असा त्याचा अर्थ. याउलट बक्सर येथे चलच्चित्रयंत्राने घेतलेली फीत परतीच्या प्रवासात चोरीस गेली. चित्र घेणे आणि ते सुखरूप घरी नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अभ्यासकांसाठी साधनांविषयीची एक सूचना येथे देणे उचित होईल. नायगमवालांच्या १९०२ मधील अहवालाच्या शीर्षकात ग्रहणाची तारीख २१-२२ जानेवारी अशी आढळते. ती चूक नव्हे. त्या काळी ज्योतिर्विदांचा दिवस मध्यान्हापासून सुरू होत असे आणि ही प्रथा १९२५ पर्यंत चालू राहिली. म्हणून ग्रिनिचच्या खगोलीय गणनेनुसार २१ जानेवारी अद्याप संपली नव्हती, तर कोकणातील पंचांगाप्रमाणे आणि सरकारी दफ्तराप्रमाणे २२ जानेवारी उजाडून दुपार होत आली होती. तारखांचा असा मेळ न घातल्यास एका ग्रहणाची दोन ग्रहणे होतात. विजयदुर्गाच्या बाबतीत दोन ग्रहणांचे एक ग्रहण झाले आहे. दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत.

७

या सर्व खटाटोपाचे फलित काय? ७ ऑगस्ट १८६९ च्या अमेरिकेतील ग्रहणात हार्कनेस आणि यंग यांनी किरीटाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा पाहिली. किर्खोफच्या मोजपट्टीवर १४७४ या अंकाशी असलेली लोहाची रेषा आणि ही रेषा एकच, असे यंगने ठरविले. तरंगलांबीच्या भाषेत हे स्थान सुमारे ५३१७ अँगस्ट्रॉम होय. मंद प्रकाशात, थोड्या मिनिटांत, डोळ्याने घेतलेले हे मोजमाप होते. जवळजवळ तीस वर्षे ते पाठ्यपुस्तकांत वावरले. लोहाची इतर रेषा किरीटात दिसत नाहीत, मग ही एकटीच का दिसावी, हे कोडे सुटत नव्हते. ‘करोनियम’ या कल्पित मूलद्रव्याचा जन्म या कोड्यातूनच झाला.

विजयदुर्गाच्या प्लेटी इंग्लंडमध्ये निवांतपणे मोजल्या गेल्या तेव्हा हिरवे वलय ५३१७ वर नसून ५३०३ च्या लगत आहे, असे आढळले. ५३१७ जवळची रेषा वर्णावरणाची होती आणि तिच्या कोरी वेगळ्या उमटल्या होत्या. वलय किरीटाचे, कोर वर्णावरणाची. दोन्ही एकाच प्लेटेवर असल्याने वादास जागा उरली नाही. जेऊर येथील कॅम्पबेलच्या मापनाने या निष्कर्षास पुष्टी मिळाली. सुमारे चौदा अँगस्ट्रॉमांचा हा फरक लहान दिसतो. परंतु चुकीच्या अंकावर रचलेला प्रत्येक अर्थ चुकीचाच ठरला असता. १९४० च्या सुमारास ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी ही रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची आहे, हे दाखविले. त्यावरून किरीटाचे तापमान दहा लक्ष अंशांच्या घरात असल्याचे कळून आले आणि करोनियमचे अस्तित्व संपले. रेषा अखेरीस लोहाचीच निघाली, पण ती यंगने मानलेली रेषा नव्हती. ही उकल खऱ्या अंकावाचून शक्य झाली नसती.

विजयदुर्गाचे ऋण येथे आहे. या किनाऱ्याने एका मूलद्रव्याचा शोध लावला नाही. एका कल्पित मूलद्रव्याच्या निरसनाला आवश्यक असलेला अंक दुरुस्त करण्यात त्याने वाटा उचलला.

८

रॉयल सोसायटीने छापलेल्या विजयदुर्गाच्या वृत्तांतावर लॉकियर, चिझम-बॅटन आणि पेडलर अशी तीन नावे आहेत. चौथरे रचणारे हात, पेट्या किनाऱ्यावर आणणाऱ्या होड्या, पाणी पुरविणारे गाव यांची नावे शीर्षकात येत नाहीत. कदाचित म्हणूनच गावाने ‘साहेबाचे कट्टे’ हे नाव जपून त्या दिवसांशी आपला संबंध टिकविला असावा. लोकस्मृती तारखेत चुकते, पण घटनेच्या अस्तित्वाविषयी ती सहसा चुकत नाही. येथे कोणी तरी आले होते, सूर्य झाकला गेला होता आणि त्यातून जगाला काही तरी कळले, एवढे तिने अचूक सांगितले आहे. तारीख आणि शोध दुरुस्त करून देणे हे अभ्यासकाचे काम आहे.

ही दुरुस्ती केली तर स्थानिक अभिमानास धक्का बसेल, अशी भीती व्यक्त होणे शक्य आहे. ती निराधार आहे. १८ ऑगस्टऐवजी २२ जानेवारी आणि पिवळ्या रेषेऐवजी हिरवी रेषा, एवढाच बदल करावयाचा आहे. त्या बदलाने चौथऱ्यांची किंमत कमी होत नाही, कारण त्यांच्यावरून घेतलेल्या प्लेटींचाच विशेष असा की त्यांनी तीस वर्षांची एक सर्वमान्य चूक सुधारली. ज्या स्थळाचा खरा मान चूक दुरुस्त करण्यात आहे, त्या स्थळाविषयी चुकीची तारीख सांगत राहणे हे त्याच्याच इतिहासाशी विसंगत होय.